‘मॉन्स्टर’ : नऊ खंड आणि एक उसनी आठवण

नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ ही मांगा-मालिका, म्हणजे जपानी चित्रकथांची मालिका, जपानमध्ये १९९४ ते २००१ या काळात ‘बिग कॉमिक ओरिजिनल’ या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे मूळ अठरा खंड व्हिझ मीडियाने इंग्रजीत नऊ जाडजूड खंडांत आणले आहेत आणि हे परीक्षण त्याच ‘परफेक्ट एडिशन’चे आहे. पात्रांची रहस्ये उघड केल्याशिवाय मला या मालिकेविषयी जे म्हणायचे आहे ते म्हणता येत नाही, त्यामुळे ज्यांना ती कोरी वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे.

कथेचा आरंभ १९८६ साली पश्चिम जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ शहरात होतो. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा तरुण जपानी डॉक्टर केन्झो तेन्मा वरिष्ठांच्या आदेशावरून आधी आलेल्या तुर्की मजुराला सोडून एका प्रसिद्ध गायकावर शस्त्रक्रिया करतो आणि तो मजूर दगावतो. पुढच्या वेळी मात्र तो महापौरांना बाजूला ठेवून, डोक्यात गोळी लागलेल्या योहान नावाच्या मुलाला वाचवतो, आणि हाच मुलगा खुनी असल्याचे त्याला नऊ वर्षांनी, डोळ्यांदेखत झालेल्या एका हत्येतून कळते. डॉक्टर होण्याच्या ध्यासाने मराठवाड्यातील असंख्य मुले ज्या लातुरात शिकवण्यांना येतात, तेथे बसून ही प्रकरणे वाचताना ‘आधी कोणाचा जीव’ हा प्रश्न केवळ कथेपुरता वाटत नाही.

तरीही मला सर्वांत अधिक हादरवले ते उत्तरार्धातील एका उलगड्याने. प्रागमधील लाल गुलाबांच्या वाड्यात झालेल्या सामूहिक विषप्रयोगाची आठवण योहान बाळगून असतो आणि त्याच्या क्रौर्याचे मूळ तेथेच असावे, असे वाचकही बराच काळ धरून चालतो. प्रत्यक्षात त्या वाड्यात नेले गेले होते ते त्याच्या जुळ्या बहिणीला. ती परत आली, जे पाहिले ते सारे तिने भावाला सांगितले, आणि ऐकता ऐकता त्याने ते आपलेच करून टाकले. ज्या भयाने तो घडला ते त्याने कधी पाहिलेच नव्हते. आणि जिने पाहिले होते ती मात्र ते विसरून हायडेलबर्गमध्ये माणसासारखी जगत होती. रहस्यकथेतील उलगडा बहुधा ‘कोणी केले’ एवढेच सांगतो, हा उलगडा आठवण कोणाची हे सांगतो आणि मागच्या खंडांतील योहानचा प्रत्येक शांत, हसरा चेहरा पुन्हा उघडून पाहायला लावतो.

हे मला अतिरंजित वाटले नाही, याचे कारण आमच्या भागात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीला भूकंप झाला. तेव्हा पाळण्यात असलेली माणसेही आज ती पहाट अशा तपशिलाने सांगतात, की जणू ढिगारा त्यांनी स्वतः पाहिला असावा. आईकडून, थोरल्या बहिणीकडून वारंवार ऐकलेले त्यांच्या ठायी स्वतःच्या स्मृतीइतकेच खरे झालेले असते, त्यात लबाडी नसते. उरासावा यांनी स्मृतीचा हाच गुणधर्म अचूक हेरला आहे, मात्र योहानच्या बाबतीत त्यांनी त्याला अत्यंत काळ्या टोकापर्यंत नेले आहे.

ग्रिमरचा उलगडाही याच तोडीचा आहे. पूर्व जर्मनीतील ज्या अनाथालयात मुलांच्या भावना पुसून टाकल्या गेल्या, तेथे वाढलेला हा हसतमुख माणूस हसणेसुद्धा शिकून घेतलेला आहे. स्वतःच्या मुलाच्या मृत्यूचे दुःख त्याला मरणाच्या क्षणी प्रथमच जाणवते, आणि ती पाने मला एका बैठकीत ओलांडता आली नाहीत. तेन्मावरच संशय धरून बसलेला निरीक्षक लुंगे अखेरीस त्याची क्षमा मागतो, तेही पटते. पण ज्याच्या चित्रपुस्तकांतून हे सारे उगवले त्या बोनापार्टाने जुळ्यांच्या आईवरील प्रेमापोटी वाड्यातील एवढी माणसे विष देऊन मारली, हे स्पष्टीकरण मला फार तोकडे वाटले. इतक्या थंडपणे उभारलेल्या यंत्रणेमागे इतके सोपे कारण नको होते. मधल्या खंडांत एकेका प्रकरणापुरती येणारी पात्रेही जरा अधिकच आहेत.

छपाईविषयी थोडक्यात सांगायचे तर आकार मोठा आहे, काही पाने रंगीत आहेत आणि चेहऱ्यांच्या बारीक रेषा स्वच्छ उमटल्या आहेत. वाचन उजवीकडून डावीकडे करावे लागते, पण त्याची सवय लवकर होते. नऊ खंड एकदम घेणे खर्चिक असल्याने पहिले दोन आधी घ्यावेत. त्यांत तेन्मा मनात रुजला, तर पुढचे खंड क्रमानेच वाचावेत, कारण वाड्यातील त्या उलगड्याचे बळ आधीच्या पानांतील तपशिलांवर उभे आहे. बालकांवरील अत्याचारांची दृश्ये यात वारंवार येतात, त्यामुळे चित्रे आहेत म्हणून ही मालिका शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये.