एपॅक की जे स्ट्रीट?
अमेरिकेत इस्रायलसाठी लॉबिंग म्हटलं की लोक डायरेक्ट एपॅक ही संघटनाच धरतात, पण 2008 ला सुरू झालेली जे स्ट्रीटपण स्वतःला इस्रायलच्या बाजूचीच म्हणवते, फक्त तिला शेजारी पॅलेस्टाईन देशही हवाय. 2015 च्या इराणच्या अणुकार्यक्रमावरच्या डीलला एपॅकने जीव तोडून विरोध केला, जे स्ट्रीटने सपोर्ट. मला जे स्ट्रीटचं जास्त पटतं, पण खासदार टरकतात ते एपॅकलाच, कारण पैसा! 2024 ला न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट खासदार जमाल बोमनला प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) पाडायला एपॅकच्या सुपर पॅकने (प्रचारावर हवा तेवढा पैसा खर्चू शकणारा गट) 1 कोटी 40 लाख डॉलरच्या वर ओतले आणि गंमत म्हणजे जाहिरातींत इस्रायल जवळपास नाहीच, बायडेनच्या इन्फ्रा (रस्ते-पूल वगैरे) बिलाविरुद्ध मत का दिलं हेच दळण. जे स्ट्रीटने तर बोमनला दिलेला पाठिंबा जानेवारीतच काढून घेतलेला.