शनिवारी रात्री हाउसमध्ये किती मुले झोपतात? इंग्लंडमधील दोन प्रकारच्या सहशिक्षण निवासी शाळांविषयी

मुलांना इंग्लंडमधील निवासी शाळेत पाठवायचे हे ज्यांचे ठरले आहे, शुल्काचा हिशेब ज्यांनी मांडून पाहिला आहे आणि शाळा मुलामुलींची एकत्रच हवी याविषयीही ज्यांच्या घरात एकमत झाले आहे, अशा पालकांसाठी हे लिहीत आहे. एवढे सगळे ठरल्यावरही एक निवड शिल्लक राहते, आणि आमच्या अनुभवात तीच सर्वांत महत्त्वाची ठरली. काही शाळांत पूर्ण निवासी, आठवड्याचे पाच दिवस राहणारी, गरजेपुरती एक-दोन रात्री राहणारी आणि रोज घरून येणारी अशी सर्व मुले एकत्र शिकतात. यांतल्या कित्येक शाळा लंडनपासून तास-दीड तासाच्या अंतरात आहेत. त्यांना येथे संमिश्र निवासाच्या शाळा म्हणतो. दुसऱ्या शाळा अशा, की जिथे बहुतेक सर्व मुले सत्रभर तिथेच राहतात, शनिवारी सकाळीही वर्ग भरतात, आणि ठरलेल्या सुट्यांखेरीज कोणी घरी जात नाही. त्या पूर्ण निवासी शाळा.

आमची मुलगी सप्टेंबर २०२२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पुण्याहून पहिल्या प्रकारच्या शाळेत गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात जीसीएसईची, म्हणजे आपल्या दहावीसारखी, परीक्षा दिल्यावर सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी, ती दुसऱ्या प्रकारच्या शाळेत गेली. दोन्ही वेळी ती वेगळ्या वयाची होती आणि दुसऱ्या वेळी तिला इंग्लंडची सवय झालेली होती, त्यामुळे आमची तुलना अगदी समतोल आहे असा दावा मी करणार नाही. तरीही ज्या गोष्टीमुळे आम्ही शाळा बदलली, ती वयावर अवलंबून नव्हती असे मला आजही वाटते.

आधी संमिश्र शाळेच्या जमेच्या बाजू सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत. विमानतळ जवळ असतो. नव्या मुलाला भोवतालच्या इंग्रज कुटुंबांचा सहवास मिळतो. रोज घरून येणाऱ्या मैत्रिणींमुळे आमच्या मुलीला तिथल्या घरांची, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांची, कुत्र्यामांजरांची ओळख झाली, आणि तिचे बोलण्याचे इंग्रजी पहिल्या दोन सत्रांतच सुधारले. ज्या पालकांचे सख्खे नातलग इंग्लंडमध्ये आहेत, मावशी लेस्टरला किंवा काका स्लाउला असा ज्यांना आधार आहे, त्यांच्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी मूल आपल्या माणसांत जाणे ही फार मोठी सोय आहे. अशा घरात मराठी कानावर पडते, आणि लंडनमधील डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळातल्या गणपतीला जायचे झाले तर वर्षाच्या सुरुवातीलाच परवानग्यांचा खटाटोप करावा लागत नाही. हे मंडळ १९३२ पासून चालत आलेले आहे आणि तिथे वाढलेल्या मुलांचे मराठी पाहून मला अनेकदा हेवा वाटला आहे. तुमची परिस्थिती अशी असेल तर पुढचे सारे वाचूनही तुम्ही संमिश्र शाळाच निवडावी, असे मी म्हणेन.

आमचे इंग्लंडमध्ये कोणी नव्हते. नियमाप्रमाणे नेमलेले गार्डियन, म्हणजे पालकांच्या वतीने मुलीची जबाबदारी घेणारे स्थानिक कुटुंब, होते, माणसे चांगली होती, पण त्यांच्याकडे दर आठवड्याला जाता येणार नव्हते. त्यामुळे मुलगी कागदोपत्री पूर्ण निवासी होती आणि शुल्कही आम्ही पूर्ण निवासाचेच भरत होतो.

शुक्रवारी दुपारी साडेचारच्या सुमारास शाळेच्या दारात गाड्यांची रांग लागे. सहाला हाउस, म्हणजे मुली राहतात ती वसतिगृहाची इमारत, रिकामे होई. चाळीसेक मुलींच्या त्या हाउसमध्ये मागे राहणाऱ्या पाच किंवा सहा. कोणी हाँगकाँगची, कोणी नायजेरियाची, एखादी अशी की जिचे वडील सैन्यात परदेशी नेमणुकीवर. एवढ्या मुलींसाठी तिन्ही हाउसे उघडी ठेवणे परवडत नाही म्हणून शाळा दोन हाउसे बंद करी आणि सर्व मुलींना तिसऱ्या हाउसमध्ये झोपायला पाठवी. आमच्या मुलीचे हाउस बंद होणाऱ्यांपैकी होते. दर शुक्रवारी ती आपली रजई, उशी, टूथब्रश आणि शनिवार-रविवारची पुस्तके घेऊन मैदान ओलांडून दुसऱ्या इमारतीत जाई, आणि जी मुलगी घरी गेली आहे तिच्या पलंगावर, तिच्या आईवडिलांच्या फोटोंखाली झोपे. रविवारी संध्याकाळी तोच पसारा परत. आपल्या खोलीत राहिलेले एखादे वहीचे पान हवे असले तर मेट्रनला किल्ली मागावी लागे.

ही व्यवस्था कोणत्याही नियमाविरुद्ध नव्हती. पलंग स्वच्छ असे, जेवण गरम असे, रात्री ड्यूटीवर शिक्षिका असे. आम्ही तक्रार केली तेव्हा उत्तरही सभ्य मिळाले. पण दोन वर्षांत सुमारे साठ वेळा एका मुलीला आपले अंथरूण काखोटीला मारून जावे लागले, आणि त्यातून ती एक गोष्ट शिकली: हे माझे घर नाही, ज्यांचे घर जवळ आहे त्यांच्या सोयीने हे उघडते आणि मिटते. आम्ही पुण्याहून शनिवारी रात्री नऊला फोन करायचो. उन्हाळ्यात तिथे तेव्हा दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. पहिली घंटा पुरी होण्याआधी ती फोन उचलायची. सुरुवातीला त्याचे आम्हांला कौतुक वाटायचे. पुढे माझ्या पत्नीच्या लक्षात आले की शनिवारी भर दुपारी पंधरा वर्षांच्या मुलीला फोनची वाट पाहण्याखेरीज काही काम नाही, ही काळजीची गोष्ट आहे.

सहशिक्षणाचा मुद्दाही येथेच येतो. मुले आणि मुली एका वर्गात बसतात, प्रयोगशाळेत जोडीने काम करतात, दुपारचे जेवण एकत्र घेतात. रात्रीची हाउसे मात्र वेगळी असतात आणि एकमेकांच्या हाउसमध्ये कुठवर, किती वाजेपर्यंत जायचे याचे नियम सर्वत्र काटेकोर असतात. म्हणजे आठवड्याच्या दिवसांत वर्ग, खेळ, प्रेप म्हणजे संध्याकाळचा नेमून दिलेला अभ्यास, आणि झोप यांत मुलामुलींना निवांत बोलायला फारसा वेळच राहत नाही. तो वेळ असतो शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी: नाटकाच्या तालमी, वाद्यवृंदाचा सराव, हाउसांच्या गाण्याच्या स्पर्धेची तयारी, सामायिक खोलीतला चहा. संमिश्र शाळेत नेमका हाच वेळ रिकामा होता. पहिल्या शाळेत आमच्या मुलीला मुलगे वर्गमित्र म्हणून माहीत होते. दुसऱ्या शाळेत ते तिचे मित्र झाले, प्रकाशयोजनेच्या शिडीवर चढून भांडणारे, रविवारी टोस्ट करपवणारे. मुलगा म्हणजे काही अवघड प्रकरण नाही हे तिला तिथे कळले, आणि मला वाटते, सहशिक्षणातून पालकांना बहुधा हेच हवे असते.

याच संदर्भात एक गोष्ट पाहून घ्यावी. शाळेला सहशिक्षणाची सवय किती जुनी आहे? हॅम्पशरमधील बीडेल्स ही शाळा १८९३ मध्ये सुरू झाली आणि १८९८ मध्येच तिने मुली घेतल्या. त्या काळात निवासी शाळेसाठी हे धाडस होते. मार्लबरो कॉलेजमध्ये सिक्स्थ फॉर्मला मुली आल्या त्या १९६८ साली आणि सर्व वर्गांत आल्या १९८९ साली. विंचेस्टर कॉलेजच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये मुलींना प्रवेश मिळाला तो २०२२ मध्ये. उशिरा बदललेली शाळा वाईट असते असे मुळीच नाही. पण मुलांची हाउसे किती आणि मुलींची किती, हे मोजावे. आमच्या पहिल्या शाळेत ती पाच आणि तीन होती, आणि मैदानांच्या वेळापत्रकापासून कपडे बदलण्याच्या खोल्यांपर्यंत तो फरक जाणवत असे.

अभ्यासाविषयी थोडक्यात लिहितो, कारण वर्गातल्या शिकवण्यात मला दोन्ही शाळांत मोठे अंतर दिसले नाही. दोन्हीकडे वर्ग लहान होते, दोन्हीकडे प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे स्वागत होते, आणि सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी होणाऱ्या ए लेव्हल परीक्षेला तीनच विषय घ्यायचे म्हणजे बाकीचे सुटणार, ही आपल्याकडच्या पालकांना वाटणारी धास्ती दोन्हीकडे सारखीच आहे. फरक वर्गाबाहेर पडतो. पूर्ण निवासी शाळेत शिक्षक आवारातच राहतात आणि शनिवारीही ते तिथेच असतात. भौतिकशास्त्रातला विद्युतमंडलांचा एक भाग मुलीला समजत नव्हता. तो तिला समजला शनिवारी रात्री हाउसच्या स्वयंपाकघरात, कारण त्या आठवड्याचे ड्यूटीवरचे शिक्षक भौतिकशास्त्राचे होते आणि किटली उकळेपर्यंत त्यांना वेळ होता. संमिश्र शाळेतील शिक्षकही तितकेच मनापासून शिकवणारे होते, पण शुक्रवारी संध्याकाळी त्यांतले बरेचसे आपापल्या घरी जात.

पूर्ण निवासी शाळेची गैरसोय मोठी आहे, ती लपवणार नाही. आठवडा सहा दिवसांचा असतो. शनिवारी दुपारपर्यंत वर्ग आणि नंतर हॉकीचा किंवा नेटबॉलचा सामना, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यावर मुले दमलेली दिसतात. अशा शाळा बहुधा दूरच्या गावाकडे असतात. हीथ्रोहून आम्हांला चार तास लागतात. सत्रातून एक-दोनदा एक्झिएट नावाची सक्तीची सुटी असते, तेव्हा सगळे हाउस बंद होते आणि प्रत्येकाला कुठेतरी जावेच लागते. त्या वेळी गार्डियनकडची सोय आणि तिचा खर्च टळत नाही. पण तेव्हा सगळेच जातात, कोणी एकटे मागे राहत नाही, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मराठी मात्र मागे पडते. आमच्या मुलीचे आजीला येणारे देवनागरीतले पत्र आता चार ओळींचे झाले आहे. गणपतीचे गणित दरवर्षी वेगळे असते. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली म्हणून ती आरतीला घरी होती, त्याच्या आदल्या वर्षी नव्हती. जेवणाचे म्हणाल तर शाकाहारी पदार्थ दोन्हीकडे मिळतात, पण पास्ता आणि चीज यांभोवतीच फिरतात. शाकाहार हीच ज्यांची पहिली अट आहे, त्यांनी तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांनी १९६९ मध्ये हॅम्पशरमध्ये सुरू केलेली ब्रॉकवुड पार्क ही लहानशी सहशिक्षण शाळा जरूर पाहावी. तिथले स्वयंपाकघरच पूर्ण शाकाहारी आहे.

खर्चात फारसा फरक नाही, निदान आम्हांला पडला नाही. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर वीस टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला आहे, तो दोन्ही प्रकारांना सारखाच. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मुलांसाठी नॉर्फकमधील वायमंडम कॉलेजसारख्या सरकारी निवासी शाळांचा स्वस्त मार्ग आहे, तिथे शिक्षण मोफत असते आणि फक्त निवासाचे पैसे भरावे लागतात. आपल्याकडून चाइल्ड स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्या मुलांना मात्र तो खुला नाही. शाळा मध्येच बदलली तर नव्या शाळेच्या नावाने व्हिसासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. त्या कागदपत्रांत आमचा एक उन्हाळा गेला, म्हणून पहिलीच निवड नीट व्हावी असे मनापासून वाटते.

शाळा पाहायला जाल तेव्हा जमल्यास रविवारी जा. खुल्या दिवशी सर्वच शाळा सुंदर दिसतात आणि त्या दिवशी भेटणारी मुले निवडलेली असतात. रविवारी दुपारी तीन वाजता मैदानावर कोण आहे, संगीताच्या खोल्यांतून आवाज येतो का, सामायिक खोलीत मुले आणि मुली दोन्ही आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. जाणे शक्य नसेल तर प्रवेश विभागाला एवढेच विचारा की गेल्या शनिवारी रात्री शाळेत किती मुले आणि किती मुली झोपल्या, आणि प्रत्येक जण स्वतःच्या पलंगावर झोपला का. पूर्ण निवासी मुलांची टक्केवारी विचारू नका. आमची मुलगीही त्या टक्केवारीत होतीच. ज्या शाळेने आम्हांला हा आकडा लगेच सांगितला आणि पुढे त्या संध्याकाळी काय कार्यक्रम होता हेही न विचारता सांगितले, तिथे आता आमची मुलगी आहे.

शनिवारी रात्री नऊला आम्ही अजूनही सवयीने फोन लावतो. तो बहुतेक वेळा वाजून बंद होतो, कारण त्या वेळी ती मैदानावर असते. रविवारी तिच्या दुपारच्या जेवणानंतर तिचाच फोन येतो, मागे बराच गोंधळ ऐकू येत असतो, आणि पाचेक मिनिटांत तिला कोणीतरी हाक मारते.