पाइपच्या वेल्डला रेडिओग्राफी, साधं यूटी की फेज्ड ॲरे? पैसे टाकायच्या आधी हे बघा

पाइपिंगचं काम सुरू झालं की वेल्ड आतून तपासायचा कसा हा प्रश्न येतोच: रेडिओग्राफी (किरणांनी फिल्मवर फोटो), यूटी (ध्वनिलहरींचा इको), की फेज्ड ॲरे (एकाच प्रोबमधून अनेक अँगलचे बीम सोडणारं यूटी)? आणि बहुतेक वेळा तो "कोण स्वस्तात करतंय" इथेच मिटतो. पर जॉइंट रेट शेजारी शेजारी मांडले की साधं अल्ट्रासॉनिक, म्हणजे हातात प्रोब धरून करायचं मॅन्युअल यूटी, सगळ्यात परवडणारं दिसतं. पण रेट नंतर बघा हो, आधी दोन गोष्टी बघा: पाइपची भिंत किती जाड आहे, आणि तुमच्या वेल्डिंगमध्ये कुठला डिफेक्ट यायची भीती आहे. बाकी बरंचसं ह्यातूनच ठरतं.

आधी बारीक पाइप. २ इंची शेड्युल ४० (शेड्युल म्हणजे भिंतीच्या जाडीचा नंबर) म्हणजे ६०.३ एमएम ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, आणि ३.९१ एमएम भिंत. ह्याच्यावर मॅन्युअल यूटी करून घेऊ नका, रेट कितीही कमी असला तरी. ४ मेगाहर्ट्झच्या शिअर वेव्हची (वेल्डला नेहमी वापरतात ती तिरकी जाणारी लहर) स्टीलमधली वेव्हलेंग्थच ०.८ एमएमच्या आसपास, भिंत जेमतेम चार एमएम, त्यामुळे रूटचा (वेल्डचा आतला तळ) इको, कॅपचा (वरचा फुगवटा) इको आणि खरा डिफेक्ट सगळे स्क्रीनवर एकमेकांना चिकटून येतात आणि ऑपरेटर अंदाजाने बोलायला लागतो. त्यात पाइप गोल, सपाट प्रोब बसत नाही, खाली गॅप राहतो, मग प्रोबखालचा शू पाइपच्या गोलाईला घासून घ्यायला लागतो आणि ते किती जण करतात हे साइटवर जाऊन बघा. वेल्डच्या यूटीचं आयएसओ १७६४० हे स्टँडर्ड ८ एमएमपासून सुरू होतं, ते उगाच नाही. पातळ भिंतीसाठी फेज्ड ॲरेचं वेगळं स्टँडर्ड आहे, ३.२ ते ८ एमएमसाठी, पण त्याला छोटा प्रोब, लो प्रोफाइल स्कॅनर आणि ते आधी केलेला माणूस लागतो. तो नसेल तर सरळ रेडिओग्राफी.

आणि रेडिओग्राफी म्हटलं की कोण काय सोर्स (किरण सोडणारा पदार्थ किंवा मशीन) आणतंय तेही विचारा. साडेतीन इंच ओडीपर्यंत डबल वॉल डबल इमेज काढतात, म्हणजे किरण दोन्ही भिंतींतून जाऊन दोन्ही बाजूंचा वेल्ड एकाच फिल्मवर, सोर्स जरा बाजूला सरकवून जॉइंट फिल्मवर लंबगोल पाडायचा, आणि असे किमान दोन शॉट ९० अंश फिरवून. इरिडियम १९२ सगळ्यांकडे असतो म्हणून तोच आणतात, पण पातळ स्टीलवर त्याचा कॉन्ट्रास्ट फिका पडतो, तिथे एक्स-रे किंवा सेलेनियम ७५ ची फिल्म कितीतरी चांगली दिसते. फिल्मवर वायर आयक्यूआयची (फिल्मची क्वालिटी कळावी म्हणून ठेवलेल्या बारीक होत जाणाऱ्या तारा) कुठली वायर दिसतेय ते स्वतः बघायला शिका, त्याला काही लेव्हल टू सर्टिफिकेट लागत नाही.

आता जाड पाइप, समजा ६ इंची शेड्युल ८०, भिंत १०.९७ एमएम, किंवा १२ इंची शेड्युल ८०, भिंत १७.४८. इथे चित्र बदलतं, आणि इथे डिफेक्टचा प्रकार महत्त्वाचा. पोरॉसिटी (हवेची भोकं), स्लॅग (अडकलेला मळ) असले जाडी असलेले डिफेक्ट रेडिओग्राफीत मस्त दिसतात. पण क्रॅक आणि साइडवॉलचं लॅक ऑफ फ्युजन (वेल्ड पाइपच्या कडेला न चिकटणं) हे कागदासारखे पातळ, आणि किरण त्यांच्या पातीच्या सरळ रेषेत गेला तरच फिल्मवर काळी रेघ उमटते. पाइपचा बेव्हल (वेल्डसाठी तिरकी कापलेली कड) सहसा ३७.५ अंशांचा, किरण वरून सरळ, म्हणजे ती पाती किरणाला तिरकी पडते आणि फिल्म साफ दिसते. जॉइंट पास, हायड्रो (पाण्याच्या दाबाची टेस्ट) पण पास, आणि लॅक ऑफ फ्युजन आत शाबूत. टिग रूट आणि आर्क फिलिंग असेल तर एवढी भीती नाही, पण मिगने फिलिंग करताय, विशेषतः शॉर्ट सर्किट मोडमध्ये, तर हा डिफेक्ट येतोच येतो. तिथे नुसत्या रेडिओग्राफीवर विसंबू नका.

यूटीत उलटं आहे. बीम डिफेक्टवर काटकोनात आपटला की इको जोरात परत येतो. ९० मधून बेव्हलचा अँगल वजा केला की लागणारा प्रोब मिळतो: ३० अंशाच्या बेव्हलला ६० चा प्रोब, खालच्या भिंतीवर आपटून वर जाताना तो जवळच्या साइडवॉलवर बरोबर काटकोनात येतो. पण ३७.५ ला लागतो ५२.५, आणि पेटीत असतात ४५, ६०, ७०. फेज्ड ॲरे इथे पैसे वसूल करून देतो, कारण तो एकाच जागी उभा राहून ४० ते ७० अंश सगळे बीम फिरवतो, त्यातला एक ५२.५ च्या आसपास असतोच. साध्या यूटीवर चांगला माणूसही तो डिफेक्ट पकडतो, इको थोडा कमी आला तरी तो ओळखतो. पण चांगला माणूस, हे वाक्य परत वाचा.

कारण साध्या यूटीचा खरा प्रॉब्लेम मशीन नाहीच. रेकॉर्ड राहत नाही. फिल्म कपाटात राहते, उद्या टीपीआय (बाहेरचा तपासनीस) आला तर लाइटवर लावून बघतो. फेज्ड ॲरेत एन्कोडर (प्रोब कुठे आहे ते नोंदणारं यंत्र) लावला तर पूर्ण स्कॅनचा डेटा सेव्ह होतो, दोन वर्षांनी दुसरा माणूस उघडून परत वाचू शकतो. साध्या यूटीत फक्त ऑपरेटरने लिहिलेला कागद. टेबलवर बसून भरलेला यूटी रिपोर्ट ह्या धंद्यात नवीन नाही, आणि एकाच चांगल्या जॉइंटच्या फिल्म दहा नंबरांनी लावणंही नवीन नाही, पण फिल्म निदान ताडून तरी बघता येते. एन्कोडर न लावता नुसतं हाताने फेज्ड ॲरे फिरवून रेट मात्र फेज्ड ॲरेचा लावणारेही आहेत, त्यांना नमस्कार.

टॉफ्डबद्दल (डिफेक्टच्या टोकांवरून विखुरलेल्या लहरींची वेळ मोजणारं यूटी) थोडक्यात: जाड भिंतीत डिफेक्टची उंची मोजायला ह्याच्यासारखं काही नाही, पण वरच्या आणि खालच्या पृष्ठभागालगत थोडी जागा आंधळी राहते, म्हणून एकटा घेऊ नका, फेज्ड ॲरेसोबत घ्या. ११ एमएमच्या पाइपला माझ्या मते गरज नाही.

स्टेनलेस असेल तर थांबा. ३०४, ३१६ च्या वेल्डमध्ये ग्रेन मोठे, बीम वाकतो, विखुरतो, स्क्रीनभर नको त्या इकोंचं गवत उगवतं. नेहमीचा शिअर वेव्ह प्रोब घेऊन कोणी स्टेनलेस करतो म्हणाला तर त्याला त्याच मटेरियलच्या, वेल्ड असलेल्या ब्लॉकवर नॉच (मुद्दाम मारलेली खाच) दाखवायला सांगा. २ मेगाहर्ट्झचा लाँगिट्युडिनल प्रोब वगैरे उपाय आहेत, पण साध्या केमिकल लाइनला रेडिओग्राफीच सोपी.

वेळेचा हिशोब कोटेशनमध्ये दिसत नाही. रेडिओग्राफी म्हणजे एरिया कॉर्डन, बाकी सगळी गँग बाहेर, म्हणजे रात्रीच काम, सोर्सच्या एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानग्या, सर्टिफाइड रेडिओग्राफर, आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी), टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा), आणि इरिडियमची हाफ लाइफ ७४ दिवस असल्याने जुन्या सोर्सला एक्स्पोजर लांबत जातं. चालू प्लांटमध्ये शटडाउनला हे फार महाग पडतं. यूटीवाला दिवसा शेजारी वेल्डिंग चालू असताना काम करतो आणि रिपेअर असेल तर डेप्थसकट जागेवर खूण करून देतो, ग्राइंडरवाल्याला नुसतं फिल्म बघून कळत नाही की वरून खोदू की आतून.

पण यूटीला जागा लागते. १०.९७ भिंतीला ७० चा प्रोब घेतला तर फुल स्किपच (बीम खाली आपटून परत वर येईपर्यंतचं अंतर) ६० एमएम होतो, वर प्रोबची लांबी, म्हणजे वेल्डच्या दोन्ही बाजूंना ८०-१०० एमएम स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब), पेंट, गंज काहीही नको. आणि फ्लँज, टी, छोटा एल्बो असेल तर एका बाजूने स्कॅनिंग होतच नाही. म्हणून ऑर्डरच्या आधी आयसोमेट्रिक (पाइपलाइनचं ड्रॉइंग) घेऊन बसा आणि किती जॉइंट दोन्ही बाजूंनी मोकळे आहेत ते मोजा, निम्म्याहून जास्त फ्लँजचे निघाले तर फेज्ड ॲरेचा हट्ट सोडा.

कोडचं म्हणाल तर बी३१.३ (प्रोसेस पाइपिंगचा एएसएमई कोड) मध्ये नॉर्मल फ्लुइड सर्व्हिसला ५ टक्के बट वेल्ड रॅंडम, रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिक दोन्ही चालतं. आयबीआर (भारतीय बॉयलर नियम) लागू असलेली स्टीम लाइन असेल तर मात्र बॉयलर इन्स्पेक्टरची लेखी हो आधी घ्या, नंतर नाही. आणि यूटी देणार असाल तर पीओमध्येच (खरेदी ऑर्डर) लिहा: स्कॅन प्लॅन (कुठून, कुठल्या अँगलने तपासणार) आधी ॲप्रूव्ह करून घ्यायचा, कॅलिब्रेशन ब्लॉक आपल्याच पाइपच्या तुकड्याचा, आत-बाहेर नॉच मारलेला, आणि रॉ डेटा पेन ड्राइव्हवर बिलासोबत, डेटा नाही तर पेमेंट नाही.