जुन्या पीसीवर लिनक्स मिंट एक्सएफसीई: काकांच्या टायपिंगच्या दुकानातून रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो. टायपिंग, प्रिंट, स्कॅन, मेल एवढंच काम असेल अन् पीसी दहा-बारा वर्षं जुना असेल तर लिनक्स मिंटचं (विंडोजऐवजी टाकायची ऑपरेटिंग सिस्टिम) एक्सएफसीईवालं, म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं व्हर्जन बिनधास्त टाका. पाचपैकी चार. एक मार्क काऊन कापला ते खाली येतंच.

नागपुरात महाल भागात काकांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं जुना आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) पाहिजे, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे हा डबा त्यात बसतच नाही. बर्डीच्या बाजारात जाऊन नवीन घेऊ म्हटलं तर काका म्हणे, "चालून राहिला ना बे तो, मग काऊन बदलायचा?"

आता मिंट. खाली एक पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, संपलं. ही स्टार्ट बटण-टास्कबारवाली मांडणी ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ सोबत आली, अन् एक्सएफसीई ऑलिव्हिए फूर्दां नावाच्या माणसानं १९९६ ला सुरू केलं (तेव्हा दिसायला वेगळं होतं, युनिक्सच्या सीडीई नावाच्या जुन्या डेस्कटॉपसारखं). काका विंडोज ९८ वर शिकलेले, त्यांना काही समजावून सांगावंच नाही लागलं.

दुकानात एका वेळी भाडेकरार, ॲफिडेव्हिट, कोणाचा बायोडाटा असं सगळं उघडं असते अन् गिऱ्हाईक डोक्यावर उभं. इथं प्रत्येक फाईलचं नाव खाली पट्टीवर दिसते, बोट ठेवलं की तीच उघडते. विंडोज ११ २०२१ ला आलं तेव्हा टास्कबारवर नुसते आयकॉन, नावं दाखवायची सोयच काढून टाकली होती, ती परत यायला २०२३ उजाडलं. राइट क्लिकचा जुना मेनूही आणखी एका क्लिकच्या मागे लपवला. यानं कोणाचं काम सोपं झालं ते मला तरी नाही समजलं. बाकी टीपीएमसारख्या गोष्टी सिक्युरिटीसाठी आहेत, त्याला नावं नाही ठेवत, पण मेनू लपवण्यात कोणती सिक्युरिटी आहे बाप्पा?

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते थुनार, म्हणजे याचं फाईल मॅनेजर. स्कॅनरमधून आलेली वीस-पंचवीस पानं सिलेक्ट करा, एफ२ दाबा, सगळ्यांची नावं एका झटक्यात नंबर लावून बदलतात, अन् बदलायच्या आधी जुनं नाव-नवं नाव शेजारी-शेजारी दिसते. वेगळं सॉफ्टवेअर नाही, काही नाही.

स्पीडचं म्हणाल तर विंडोज एक्सपीला कमीत कमी ६४ एमबी रॅम लागायची, ११ ला ४ जीबी, म्हणजे बरोबर ६४ पट. मिंट २२ वाले २ जीबीत चालते म्हणतात, पण आरामात हवं तर ४ ठेवा. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले तर तिथं कोणतीच सिस्टिम वाचवत नाही.

आता कापलेला मार्क. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टची फाईल टाकली की जुने डॉक्युमेंट लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी उघडतात, टायपिंगही होते, पण ऑल्ट दाबून नंबर टाकायचे ते कोड लिनक्समध्ये चालत नाहीत, अन् कृतिदेववाल्या माणसाची बोटं त्यावरच बसलेली असतात. तशी अक्षरं स्पेशल कॅरेक्टरमधून घ्यावी लागतात, काकांची चिडचिड तिथंच होते. युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करत असाल तर हा त्रास नाही. पेजमेकर, श्रीलिपी या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊच नका. अन् विंडोची कडा इतकी बारीक आहे की माउसनं पकडताच येत नाही, त्याला उपाय म्हणजे ऑल्ट धरून राइट बटणानं ओढायचं.

पैसे काही नाही, फुकट आहे. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर मिंट टाका, पीसीत इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालू करून आपला प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय पाहून घ्या. जमलं तरच पुढं जा, अन् हार्ड डिस्कवरचे जुने अर्ज आधी बाहेर कॉपी करा, कारण पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय निवडला की ते गेले.