मोनेच्या चित्राला ‘लिमिटेड एडिशन’चं सर्टिफिकेट

हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी फ्रेम केलेली तीन चित्रं मागवली होती. फ्रेंच चित्रकार मोनेची छत्रीवाली बाई, त्याचाच कमळांच्या तळ्यावरचा पूल आणि दुसरा फ्रेंच चित्रकार रेन्वारचा, पॅरिसमधल्या ‘मुलँ द ला गालेत’ या ठिकाणचा नाच. इन्स्टाग्रामवरची जाहिरात, फोनवर गोड बोलणारा माणूस, तिन्हींचे मिळून एकवीस हजार, सगळे आगाऊ.

प्रत घेतोय हे मला पक्कं माहीत होतं, प्रतीबद्दल तक्रारच नाही. पण एवढे पैसे घेतले ते सागवानी फ्रेमचे, कॅनव्हासवर हाताने मारलेल्या ब्रशच्या फटकाऱ्यांचे आणि ‘लिमिटेड एडिशन’चे, म्हणजे मोजक्याच प्रती छापल्याचे. आमच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याने मागचा कागद फाडला आणि हसलाच. सागवान म्हणजे थर्माकोलसारखी दाबून केलेली पट्टी, वर लाकडाच्या रेघांचा छापील कागद. फटकारे म्हणजे छापलेल्या चित्रावर फिरवलेलं पारदर्शक जेल. ते पाण्यावर, पुलावर, रेन्वारच्या बायकांच्या चेहऱ्यांवर सारख्याच तिरक्या रेघांत गेलेलं. मोनेने फटकारा कुठल्या दिशेने ओढला होता याच्याशी जेल फिरवणाऱ्याला काय देणंघेणं! दुकानात चित्र बघायला मिळालं तर ते उजेडात आडवं धरा. खालच्या रंगाचा फटकारा एकीकडे आणि वरचा उंचवटा दुसरीकडे जात असेल, तर हातकामाचे पैसे देऊ नका.

सर्टिफिकेटचा तर कहर. सोनेरी शिक्का, खाली ‘३७/५००’, म्हणजे पाचशेतली सदतिसावी प्रत, आणि तिन्ही चित्रांना हाच आकडा! मोने १९२६ मध्ये गेला, रेन्वार १९१९ मध्ये. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे ही चित्रं कोणीही, कितीही छापावीत. छत्रीवाली बाई वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येते. १८९९ चा पूल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा, तोही तसाच. मग पाचशेच प्रती हे ठरवलं कोणी?

सगळ्यात जास्त चीड आली ती कापाकापीची. तिन्ही चित्रं २४ बाय ३६ इंच, कारण विक्रेत्याकडे फ्रेम त्याच मापाच्या. रेन्वारचं मूळ चित्र १३१ बाय १७५ सेंटिमीटर आहे. ते या मापात बसवायचं तर वरखाली कात्री लागणारच, आणि लागली. वरचे पांढरे दिवे उडाले, गर्दीच्या डोक्यावरची मोकळी हवाच गेली. छत्रीवाली १०० बाय ८१ ची. तिला बाजूंनी इतकं छाटलंय की मागे उभा असलेला मुलगा चौकटीला टेकलाय आणि उजव्या कोपऱ्यातली मोनेची सही अर्धीच उरली आहे. चित्राचं खरं माप म्युझियमच्या पानावर लिहिलेलं असतं. लांबीला रुंदीने भागा आणि विक्रेत्याच्या मापालाही भागा. उत्तरं जुळत नसतील तर कुठून कापणार ते लेखी विचारा.

परत घ्या म्हटल्यावर गोडवा संपला. ‘फ्रेम केलेला माल कस्टम ऑर्डर असतो’, ‘स्क्रीनवर रंग वेगळे दिसतात’. रंगांबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली तेव्हा तो निम्म्या रकमेचं कूपन द्यायला तयार झाला, तेही त्याच्याच दुकानातल्या पुढच्या खरेदीसाठी. मी नकार दिला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, त्यातला ‘सागवान’ शब्द, पैसे भरल्याची पावती आणि उघडलेल्या फ्रेमचे फोटो जपून ठेवलेत. आता ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, हे फार जणांना माहीत नसतं.

फ्रेमवाल्याला मी फुकट उतरवलेला पूल पेन ड्राइव्हवर नेऊन दिला. छपाई आणि खऱ्या लाकडाची पट्टी धरून त्याने जो भाव सांगितला, तो इथे लिहीत नाही, उगाच रक्तदाब वाढतो.