बंदराजवळची खानावळ: मासा आधी बघा, मग सांगा

सुट्टीत मला ठिकाणांची यादी संपवायची नसते. समुद्र हवा आणि तिथलंच जेवण हवं. म्हणून हॉटेलातला फुकटचा नाश्ता सोडून आम्ही या खानावळीत जायचो. मेनूकार्ड नाही. आज जाळ्यात जे आलं ते ताटात घालून समोर आणतात. डोळे फुगीर, चकचकीत, कल्ले लालभडक, बोटाने दाबलं की मांस लगेच वर येतं. वास म्हणाल तर फक्त समुद्राचा. मसाल्याचा मारा नाही, त्यामुळे चव माशाचीच लागते. शिजूनही न उघडलेले शिंपले मालकीणबाई स्वतः वेचून टाकत होत्या, तिथेच मी खूश झाले. खुर्च्या डुगडुगतात, पाणी दोनदा मागावं लागतं. शाकाहाऱ्यांचे मात्र हाल आहेत. गर्दीच्या वेळी थांबायची तयारी ठेवा.