घरात कपडे किती हवेत? डोंबिवलीचं माप आणि लातूरचं माप

माझी नणंद लातूरची, मी डोंबिवलीची. दोघींच्याही घरात चार-चार माणसं. मागच्या मे महिन्यात ती आठ दिवस राहायला आली होती. कपाटातून चादर काढता काढता म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे नळाला रोज पाणी येतं. मग एवढे कपडे कशाला साठवता?" मी म्हटलं, "वन्सं, तुमच्याकडे वर्षाचे दहा महिने कडक ऊन. मग तुमच्याकडे तरी माणशी आठ-आठ जोड कशाला?" त्या दुपारी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. त्या हिशोबातून मला जे कळलं ते इथे मांडते, कारण घर लावताना, बदली झाल्यावर किंवा बाळ झाल्यावर हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि उत्तर मात्र "तीस कपडे पुरे", "शंभर लागतातच" असं ठोकळेबाज मिळतं.

जुनी बायकामाणसं "एक अंगावर, एक दोरीवर" म्हणायची. त्यात मी एक जोडते: एक घडीत. म्हणजे पाहुणे आले, पोटात कळ आली, रस्त्यात चिखल उडाला तर हाताशी असावा म्हणून. एवढ्यावरून माप निघतं. दोन धुण्यांमध्ये जितके दिवस जातात, त्यात कपडा वाळायला जितके दिवस लागतात ते मिळवायचे आणि वर एक घडीतला धरायचा. रोज बदलायच्या जोडाचं एका माणसाचं माप असं येतं:

| धुणं कधी | एका दिवसात वाळतं | तीन दिवस लागतात |
|---|---|---|
| रोज | ३ | ५ |
| एक दिवसाआड | ४ | ६ |
| आठवड्यातून दोनदा | ६ | ८ |
| आठवड्यातून एकदा | ९ | ११ |

डोंबिवलीत माझं धुणं रोज होतं, पण पावसाळ्यात वाळत नाही. लातूरला नणंदेच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळे मोठं धुणं त्याच दिवशी निघतं. पण गच्चीवर टाकलेला सदरा दोन तासांत पापडासारखा कडक होतो. तिला पाच अधिक एक अधिक एक, म्हणजे सात जोड लागतात. तिच्याकडे आठ होते. मला उन्हाळ्यात तीन आणि पावसाळ्यात पाच लागतात. माझ्याकडे नवऱ्याचे फक्त शर्टच एकोणीस निघाले. तिचा आकडा पाण्याने ठरवलेला होता. माझा कशानेच ठरवलेला नव्हता, तो वर्षानुवर्षं साचत गेलेला होता.

लातूरकडच्यांना पाण्याचा हिशोब शिकवावा लागत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ती तिथेच होती. अंघोळीच्या पाण्यात मळके कपडे भिजवायचे, त्याच पाण्याने मोरी धुवायची, हे त्या दिवसांत तिच्या अंगवळणी पडलं ते पडलंच. वरून भरायच्या मशिनला एका धुण्याला शंभर लिटरच्या वर पाणी सहज जातं. तिच्या जागी मी असते तर कपडे कमी करून रोज धुण्याचा विचारही केला नसता. जिथे पाणी मोजून येतं तिथे जास्त जोड ठेवणं हीच काटकसर आहे. कपडे कमी करा असा सरसकट सल्ला देणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मात्र जास्त जोडांचं हे गणित समुद्राकाठी उलटं फिरतं. घामाने भिजलेला शर्ट लातूरच्या कोरड्या हवेत टोपलीत चार दिवस पडला तर फार तर वास येतो. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जुलै महिन्यात तोच शर्ट चार दिवस पडला तर कॉलरवर आणि काखेत बुरशीचे काळे ठिपके धरतात. ते नंतर ब्लीचनेही पुरते जात नाहीत आणि ब्लीच रंगीत कापडाला चालत नाही. म्हणून इकडे आठवड्याचं धुणं साठवण्यासाठी अकरा जोड घ्यायचे म्हणजे त्यातले दोन-चार दरवर्षी बुरशीला द्यायचे.

पावसाळ्यात कपडे वाढवले की सुटलो, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. अडचण निघाली दांड्यांची. आमच्या गॅलरीत छताला पुलीच्या चार दांड्या आहेत, प्रत्येकी सहा फूट. मी प्रवासाची बॅग तोलायच्या काट्याला पिशवी अडकवून आठवडाभर धुणं तोललं. चार माणसांचं एका दिवसाचं सुकं धुणं सरासरी पावणेचार किलो भरलं. ते चारही दांड्या भरून टाकतं. आता ते वाळायला तीन दिवस लागणार असतील तर उद्याचं आणि परवाचं टाकायचं कुठे? मशिनवर सात किलो लिहिलेलं असतं (ते सुक्या कपड्यांचं वजन असतं, ओल्यांचं नाही), पण घराची खरी क्षमता दांडीवर ठरते. कपाटात पन्नास जोड असले तरी चोवीस फुटांवर मावेल तेवढंच वाळणार. जास्त जोड घेतल्याने धुणं फक्त पुढे ढकललं जातं आणि मग रविवारी खुर्च्यांच्या पाठी, दारं, खिडक्यांचे गज, सगळीकडे ओले कपडे लटकतात.

एकेक कपडा तोलल्यावर वाट दिसली. नवऱ्याची जीन्स सातशे ग्रॅम. सुती शर्ट सव्वादोनशे. टर्किश टॉवेल साडेचारशे आणि पंचा एकशे तीस! चार माणसांचे चार टॉवेल म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम, आणि चार पंचे अर्ध्या किलोला थोडे वर. पंचा पंख्याखाली तीन-चार तासांत वाळतो, टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट असतो आणि तोच दमट टॉवेल आपण अंगाला लावतो. जूनमध्ये मी टॉवेल धुऊन, उन्हात तापवून माळ्यावर टाकले आणि आठ पंचे आणले. एवढ्या एका बदलाने मला एक दांडी जवळजवळ मोकळी मिळाली. जीन्सचंही तेच. पावसाळ्याचे चार महिने नवरा पातळ टेरिकॉटची पँट घालतो, ती रात्री टाकली की सकाळी वाळलेली असते. कापड निवडताना सुती की टेरिकॉट हा वाद इथे ऋतूवर सोडावा. एप्रिल-मेमध्ये सुतीला पर्याय नाही, जुलै-ऑगस्टमध्ये जाड सुती हा छळ आहे.

सासूबाई नऊवारी नेसतात. त्यांचं सुती लुगडं आठ मीटरच्या वर लांब. पूर्वी त्या ते लांबरुंद पडवीत एका बाजूने उलगडून घालायच्या. गॅलरीत चौपदरी केल्याशिवाय मावत नाही आणि चौपदरी लुगडं आतून ओलंच राहतं. मग दर दोन तासांनी त्या उठून पदर फिरवायच्या. आता त्यांच्यासाठी पावसाळ्यात सहा लुगडी ठेवतो, घरातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त. ज्यांचं वाळत नाही त्यांचे जास्त, हे मला न्याय्य वाटतं. घरात सगळ्यांना सारखेच जोड हवेत असं काही नाही.

आतल्या कपड्यांच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकणार नाही. दोन वर्षांपूर्वी पावसात मुलीला कमरेला आणि जांघेत गजकर्ण झालं. डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हता: "आतले कपडे पूर्ण वाळतात का?" नव्हते वाळत. मी सकाळी इस्त्री फिरवून, गरम झाले म्हणजे वाळले असं समजून घालायला देत होते. इलास्टिकच्या पट्टीत ओल तशीच राहायची. तेव्हापासून बाकीच्या कपड्यांचं माप काहीही असो, आतले कपडे माणशी दहा आणि पावसाळ्यासाठी वर दोन. इथे कंजुषी करू नका.

मुलांचं आणि मोठ्यांचं माप वेगळं का ठेवायचं, तेही सांगते. मोठ्या माणसाकडे तीन शर्ट असले तर प्रत्येक शर्ट वर्षात साधारण एकशेवीस वेळा धुतला जातो, नऊ असले तर चाळीस वेळा. तीन शर्ट लवकर विरतील, नऊ शर्ट तिप्पट टिकतील. एकूण कापड तितकंच झिजतं. म्हणून मोठ्यांनी चांगले नऊ घेतले तरी पैसा बुडत नाही, फक्त आधी अडकतो. लहान मुलांना हे लागू नाही. चार ते दहा वर्षांचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. त्याच्याकडे बारा फ्रॉक असले तर त्यातले सात विरायच्या आत आखूड होतात. म्हणून मुलांना मापाइतकेच घ्यावेत, शिवून घेत असाल तर आत दोन इंच माया सोडायला सांगावी आणि मोठ्या चुलत-मामेभावंडांचे कपडे निःसंकोच वापरावेत. अपवाद गणवेशाचा. शाळा दोन घ्या म्हणते. डोंबिवलीत तिसरा जोड हवाच, निदान तिसरा स्कर्ट तरी, कारण तिथे "आज दुसरा घाल" म्हणता येत नाही. लातूरला दोन पुरतात.

अंथरुणाचं थोडक्यात. आमच्याकडे प्रत्येक पलंगाला तीन चादरी, तिच्याकडे दोन. पांघरायला तिच्याकडे सोलापुरी चादरी, कारण डिसेंबर-जानेवारीत तिकडे पहाटे चांगलं गारठतं. आमच्याकडे ती जाड चादर वर्षातून आठ दिवस निघते. पाहुण्यांसाठी म्हणून दोघींनीही जे साठवलं होतं ते दोघींनाही जास्त होतं. चार जणांची सोय झाली की पुरे.

मग माझ्याकडे हे जास्तीचे आले कुठून? मी यादी केली तेव्हा स्वतः गरज म्हणून घेतलेले कपडे निम्मेच होते. बाकीचे आहेराचे शर्टपीस, मानपानाच्या साड्या, ओटीतले ब्लाउजपीस, दिवाळीचे, राखीचे, भाऊबीजेचे. प्रेमाने आलेले असतात, नाही म्हणता येत नाही आणि अंगाला लावले जात नाहीत. हल्ली पुष्कळ पत्रिकांवर "आहेर आणू नयेत" छापलेलं असतं, तसं आम्ही दोघींनी घरापुरतं ठरवलं: एकमेकींना साडी द्यायची नाही. ती मला तूरडाळ पाठवते, मी तिला सुके बोंबील आणि कोकम. तेव्हापासून दोघींच्या कपाटातला एकही हँगर त्यामुळे वाढलेला नाही.

लग्नाच्या पैठण्या आणि शालू मी या मापात धरतच नाही. त्यांचं माप कप्प्याने ठरवावं. एक कप्पा, सुती कापडात गुंडाळून, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलून. एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिली तर साडीची जरी त्याच रेषेवर तुटते. तेवढी निगा जितक्या साड्यांची करणं झेपेल तितक्याच ठेवाव्यात.

कमी करताना मी दोन गठ्ठे केले होते. आमच्या इमारतीत बोहारीण येते. तिने जमिनीवर फडकं पसरलं, एकेक पँट उचलून बसायची जागा उजेडाला धरली, शर्टाची कोपरं आणि कॉलर अंगठ्याने दाबून पाहिली. झिजलेले बाजूला सारले. ज्यांवर तिचा हात लगेच पडला ते जवळजवळ कोरे होते, वर्षानुवर्षं घडीत राहिलेले. त्यांवर मला स्टीलचं एक पातेलं मिळालं. तो ढीग पाहून मला टोचलं, कारण एका सुती टी-शर्टमागे कापूस पिकवण्यापासून साधारण २,७०० लिटर पाणी जातं असा अंदाज मानला जातो, आणि हे सगळं मी लातूरच्या नणंदेसमोर करत होते. बोहारणीने नाकारलेल्या मऊ सुती कपड्यांची आणि सासूबाईंच्या दोन जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला दिली.

तुम्ही ठरवणार असाल तर आधी दोन गोष्टी बघा: तुमच्याकडे पाणी कधी येतं, आणि घरातला सगळ्यात जाड कपडा भर पावसात किती दिवसांत वाळतो. पाणी कमी आणि ऊन भरपूर असेल, म्हणजे मराठवाडा, सोलापूर, विदर्भाचा बराच भाग, तर सात-आठ जोड ठेवा आणि दमाने धुवा. पाणी आहे पण हवा ओली असेल तर पाच-सहा जोड, तेही हलके, आणि रोज धुणं. पुण्या-नाशिकसारख्या मधल्या हवेत एक दिवसाआड धुऊन पाच जोडांत नीट भागेल. नोकरी दोघांची असेल आणि रोज धुणं झेपतच नसेल, तर समुद्राकाठीही आठ जोड घ्या, पण मळके कपडे टोपलीत दाबू नका, दोरीवर मोकळे टाकून वारा लागू द्या. ड्रायर परवडत असेल आणि विजेचं बिल झेपत असेल तर वाळण्याचे तीन दिवस जातात, मग उन्हाळ्याचंच माप बारा महिने चालतं.

नवऱ्याचे शर्ट एकोणीसवरून आठवर आले. पाच पुरले असते. पण बाकीचे तीन त्याच्या वडिलांनी शिवून दिलेले आहेत, आणि ते मी मोजलेले नाहीत.